नऊ नंबरची खुर्ची

चांदणवेल

गेल्या आठवड्यात मुलीच्या नावाने ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत बसायचं, समन्स आलं. नुकती अठरा पूर्ण झाली आहे तिला. "आई, तू गेली होतीस ना? काय असतं तिथे?" असं तिने विचारलं. मी पोळ्या लाटता लाटता सांगायला लागले, ते तवा थंड झाला तरी संपेना. इतकी वर्षं हे मी नवऱ्याशिवाय कुणाशी बोलले नव्हते. आता बोललेच आहे तर नीट लिहून काढते.

मी न्यू जर्सीत राहते. २०१३ मध्ये नागरिकत्व घेतलं आणि २०१५ मध्ये समन्स आलं. ऑफिसात सगळ्यांनी एकच सल्ला दिला: काहीतरी तिरकं बोल, काढून टाकतील. मला तसं करायचं नव्हतं. शपथ घेऊन दोनच वर्षं झाली होती आणि या देशाने पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं.

मोठ्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं बसलेली. दुपारी आमच्यापैकी पन्नासेक जणांना वर कोर्टरूममध्ये नेलं. आरोप होता शस्त्र दाखवून लुटल्याचा. आरोपी तेवीस-चोवीस वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, अंगात बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी सूट, कारण खांदे उतरले होते. ज्यूरीच्या चौकटीत चौदा खुर्च्या. निकाल बाराजण एकमताने देतात, पण कुणी आजारी पडलं तर म्हणून दोन जास्त घेतात आणि शेवटी चिठ्ठ्या काढून दोघांना बाजूला करतात. न्यायाधीश प्रत्येकाला प्रश्न विचारतात: काय काम करता, बातम्या कुठे बघता, मोकळ्या वेळात काय करता, गाडीच्या मागे कुठला स्टिकर लावला आहे.

नऊ नंबरच्या खुर्चीवर पंचावन्न-साठची एक कृष्णवर्णीय बाई होती. पोस्टातून निवृत्त, चर्चच्या गायनवृंदात गाणारी, स्पष्ट उत्तरं देणारी. घरात कुणाला अटक झाली आहे का, या प्रश्नाला तिने सरळ सांगितलं, भाच्याला झाली होती. "तरी तुम्ही निःपक्षपाती राहू शकाल?" "हो, नक्की." न्यायाधीशांचं समाधान झालं. मग सरकारी वकील उठल्या आणि म्हणाल्या, नऊ नंबरच्या ज्यूररचे आभार, त्यांना मोकळं करावं. कारण द्यावं लागत नाही. ती बाई क्षणभर बसून राहिली, मग पर्स उचलून गेली. पुढचा नंबर माझा निघाला. मी त्याच खुर्चीवर बसले. मला कुणीच काढलं नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते, कारण त्याचीच टोचणी आहे. मला अभिमान वाटला.

खटला साधा होता. रात्री दुकान बंद करून गाडीकडे निघालेल्या माणसाला पार्किंगमध्ये बंदूक दाखवून लुटलं. तीनशे डॉलर आणि फोन गेला. बंदूक सापडली नाही, पैसे सापडले नाहीत, बोटांचे ठसे नाहीत. काही दिवसांनी पोलिसांनी फोटो दाखवले, त्यातला एक त्याने ओळखला. कोर्टात बोट दाखवून म्हणाला, "हाच. हा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही." मध्यमवयीन, कष्टाळू, आवाज थरथरत होता. माझे बाबा आठवले मला. मी मनात निकाल देऊनही टाकला.

शेवटी न्यायाधीशांनी तासभर कायदा वाचून दाखवला. ओळख पटवण्याबद्दलचा भाग बराच लांब होता. स्मरणशक्ती म्हणजे व्हिडिओ नव्हे. खात्रीने बोलणारा साक्षीदारही चुकू शकतो. बंदूक समोर असली की नजर तिच्यावर खिळते, चेहऱ्यावर कमी जाते. दुसऱ्या वंशाचा चेहरा ओळखताना चूक व्हायची शक्यता जास्त असते. नंतर कळलं की २०११ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हे सगळं ज्यूरीला सांगणं भाग पाडलं होतं. आम्ही बाराही जणांनी मान डोलावली आणि आत गेलो.

पहिलं मतदान ८ विरुद्ध ४, आठ दोषीच्या बाजूने. मी आठात.

दुसऱ्या दिवशी निवृत्त विज्ञान शिक्षक असलेल्या एका ज्यूररने पीडिताची साक्ष पुन्हा ऐकायची मागणी केली. कोर्टात नेऊन ऐकवली. दुसऱ्यांदा ऐकताना मला जाणवलं, त्या माणसाने बंदुकीचं वर्णन किती बारकाईने केलं होतं: रंग, मुठीवरचा ओरखडा, ती कुठल्या हातात होती. आणि चेहऱ्याचं? "तरुण, काळा, डोक्यावर हुड." एवढंच. माझ्या पोटात गोळा आला. मी बाजू बदलली.

पण उलट दिशेनेही माणसं जात होती, आणि ती पुराव्यामुळे नाही. शाळेच्या कॅन्टीनमध्ये तासावर काम करणारी एक बाई होती. न्यू जर्सीत पहिले तीन दिवस ज्यूररला दिवसाला ५ डॉलर मिळायचे, चौथ्या दिवसापासून ४०. खाजगी मालकाने पगार द्यायलाच हवा असं बंधन नाही. माझ्या कंपनीने माझा एक पैसा कापला नाही. तिचा रोज बुडत होता, घरी दोन मुलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला खात्री नाही, पण मी आणखी येऊ शकत नाही," आणि तिने दोषीच्या बाजूने मत दिलं. तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

शेवटी १० विरुद्ध २. मी आणि ते शिक्षक. न्यायाधीशांनी एकदा परत पाठवलं: पुन्हा प्रयत्न करा, पण मनाविरुद्ध मत बदलू नका. शुक्रवारी चार वाजता त्यांनी खटला निष्फळ जाहीर केला, आभार मानले, आम्ही सुटलो. बाहेर बाकावर एका बाजूला तो लुटला गेलेला माणूस होता, दुसऱ्या बाजूला आरोपीची आई. मला दोघांकडेही बघवलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी मी कोर्टाच्या सार्वजनिक नोंदी पाहिल्या. दुसरा खटला झालाच नाही. त्या मुलाने कमी गंभीर गुन्हा कबूल केला, शिक्षा म्हणजे आधीच भोगलेला काळ, आणि तो घरी गेला. जामिनाचे पैसे नव्हते म्हणून खटल्याआधी तो वर्षाहून जास्त आत होता. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, सांगायचंही नसतं. त्याने ते केलं होतं का? मला माहीत नाही. केलं नसेल, तर घरी जायला त्याने खोटी कबुली दिली. केलं असेल, तर त्या माणसाला पुरा न्याय मिळाला नाही. आमच्या त्या खोलीतल्या दिवसांनी यातलं काहीच ठरवलं नाही.

आणि ती नऊ नंबरची बाई. ती तिथे असती तर मतदान काय झालं असतं, हे मी अजून मोजत असते.

इथे कुणी ज्यूरीवर बसलं आहे का? माझी आई म्हणते, आपल्याकडे ज्यूरी नाही तेच बरं. खरंच तसं आहे का?

---

रानभूल

वाचून सुन्न झाले. मला पुढच्या महिन्याचं समन्स आहे, पण मी ग्रीन कार्डवर आहे. काय करायचं? दुर्लक्ष करू का?

---

चांदणवेल

अजिबात दुर्लक्ष करू नका. फॉर्मवर 'नागरिक नाही' या रकान्यात खूण करा, मागतील तो पुरावा जोडा आणि परत पाठवा. नावं मतदार यादीशिवाय ड्रायव्हिंग लायसन्स आणि कर भरणाऱ्यांच्या यादीतूनही घेतात, म्हणून तुम्हाला आलं. चुकूनही स्वतःला नागरिक म्हणवू नका, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते फार महाग पडतं.

---

मुकुंदा

तुमचं १० विरुद्ध २ वाचून थांबलोच. त्याच वर्षी तुम्ही लुइझियाना किंवा ओरेगनमध्ये असतात तर तो मुलगा दोषी ठरला असता. तिथे दहा मतं पुरत. लुइझियानात हा नियम १८९८ च्या घटना परिषदेतून आला आणि त्या परिषदेचा हेतू गोऱ्यांचं वर्चस्व टिकवणं हा होता, हे तिच्याच नोंदींत आहे. कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून पूर्ण वगळणं कायद्याने जमेना, मग एक-दोघे आलेच तरी त्यांच्या मताला किंमत उरू नये अशी सोय केली. हे चाललं २०२० पर्यंत. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यात एकमत हवंच असा निकाल दिला. ज्या माणसाच्या अपिलावर तो आला, त्यालाही १० विरुद्ध २ नेच जन्मठेप झाली होती. नंतर पुन्हा खटला चालला तेव्हा ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. आणि वाईट भाग असा की २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, ज्यांची अपिलं आधीच संपली आहेत त्यांना या निकालाचा फायदा नाही. म्हणजे नियम घटनाविरोधी, पण लुइझियानात त्या नियमाने आत गेलेले आतच.

नऊ नंबरबद्दल: कारण न देता ज्यूरर काढण्याचा हक्क दोन्ही बाजूंना असतो. वंशावरून काढता येत नाही असं १९८६ पासून बंधन आहे, पण वकिलाने दुसरं कुठलंही कारण पुढे केलं की बहुतेक वेळा ते चालून जातं. 'भाच्याला अटक झाली होती' हे तर तयार कारण. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्स नावाच्या माणसावर एकाच खुनांच्या प्रकरणात सहा वेळा खटला चालला. सहा खटल्यांत मिळून सरकारी वकिलाने ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय उमेदवार ज्यूरर काढले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले. तोवर वीसहून जास्त वर्षं गेली होती.

अॅरिझोनाने २०२२ पासून हा हक्कच काढून टाकला. तुमच्या न्यू जर्सीतही २०२१ च्या एका निकालानंतर नियम कडक झाले. त्या प्रकरणात सरकारी वकिलांनी एका कृष्णवर्णीय उमेदवार ज्यूररची मागच्या दाराने पार्श्वभूमी तपासली, जुनं वॉरंट शोधलं आणि त्याला अटक करवली. ज्यूरी ड्यूटीला आलेल्या माणसाला!

---

चांदणवेल

मुकुंदा, १८९८ चं मला माहीत नव्हतं. आमच्या दोघांच्या मतांना किंमत होती ती फक्त आम्ही कुठल्या राज्यात बसलो होतो त्यावरून, हे वाचून हात थांबले.

---

काळाकोट

महाराष्ट्रात सत्र न्यायालयात बावीस वर्षं फौजदारी वकिली करते आहे. चांदणवेल, तुमच्या आईंच्या वाक्याबद्दल लिहायलाच हवं.

आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की लोक नानावटी म्हणतात. एप्रिल १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटींनी बायकोच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या, मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली, ती नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली, आणि पुढे राज्यपालांनी माफी दिली. या खटल्यामुळे ज्यूरी गेली असं सर्रास सांगतात. पण विधी आयोगाने आपल्या १४व्या अहवालात ज्यूरी बंद करावी असं १९५८ मध्येच म्हटलं होतं, म्हणजे गोळी झाडली जाण्याच्या आदल्या वर्षी. आणि नानावटीनंतरही काही ठिकाणी ज्यूरी चालू होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही, तेव्हा ती संपली.

आमच्या पद्धतीत एक मोठी गोष्ट आहे आणि ती मी सोडणार नाही: न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात. का विश्वास ठेवला, कुठल्या साक्षीदारावर, कुठल्या वाक्यावर. ते कागदावर असतं म्हणून वरच्या कोर्टात आम्ही त्यावर बोट ठेवू शकतो. ज्यूरी दोन शब्द बोलते आणि घरी जाते. तुमच्या कॅन्टीनमधल्या बाईंचं मत रोज बुडतो म्हणून पडलं, हे कुठल्या अपिलात मांडता आलं असतं?

पण कारणं लिहिली म्हणजे ती बरोबर असतात असं नाही. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एक भयंकर दरोडा, खून आणि बलात्काराचं प्रकरण झालं. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि मग मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जण निर्दोष ठरवले. वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळीच चार माणसं ओळखली होती, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. तो कागद पहिल्या दिवसापासून होता. सोळा वर्षं. एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्यायला सांगितली.

त्यामुळे ओळख परेड या शब्दावर मी पटकन विश्वास ठेवत नाही. परेड तीन-तीन आठवड्यांनी होते, तोवर आरोपीला चौकीत साक्षीदारासमोरून किती वेळा नेलं हे कुणालाच माहीत नसतं. पंच म्हणून सही करणारे तेच ते दोघे चार खटल्यांत भेटतात.

आणि जामिनाबद्दल. आपल्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडण्याची तरतूद केली आहे. पण त्यासाठी तुरुंग अधीक्षकाने कोर्टात अर्ज करावा लागतो, आणि जे या तरतुदीत बसत नाहीत त्यांना वकील लागतो, जामीनदार लागतो. गेल्या महिन्यात एका आईने मला हातात गुंडाळलेला सातबारा आणून दाखवला. तिच्या दिराच्या नावावर होता आणि दीर सही द्यायला तयार नव्हता. मुलगा अजून आत आहे.

---

तिठा

काळाकोट, अतिशय महत्त्वाचं लिहिलंत. मराठी माणसाच्या ज्यूरीशी असलेल्या नात्यात नानावटीच्या आधी टिळक येतात, म्हणून थोडी भर.

१९०८ चा राजद्रोहाचा खटला. 'केसरी'तले लेख मराठीत. टिळकांचा आक्षेप हाच होता की खास ज्यूरी नेमली तर तिच्यात युरोपीय जास्त येतील आणि त्यांना मराठी कळत नाही. तरी तशीच ज्यूरी बसली, नऊ जण, सात युरोपीय आणि दोन पारशी. लेखाचा सूर, त्यातला उपरोध, एखाद्या शब्दाची धार, सगळं त्यांनी भाषांतरातून तोललं. टिळक स्वतः एकवीस तासांहून जास्त बोलले. निकाल ७ विरुद्ध २. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली, पुढे त्यांना मंडालेला नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. १८९७ च्या खटल्यातही असंच, सहा युरोपीय एका बाजूला, तीन भारतीय दुसऱ्या बाजूला, ६ विरुद्ध ३.

त्या वेळी टिळकांचा जामीन मागणारे वकील दावर, आणि १९०८ मध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीवरून जामीन नाकारणारेही दावरच.

मुंबई उच्च न्यायालयात त्या दालनाबाहेर टिळकांचे शब्द संगमरवरात कोरले आहेत. ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, असं त्यांनी तिथे उभं राहून सांगितलं होतं. कॉलेजात असताना मी ते पहिल्यांदा वाचलं. चांदणवेल यांचा नऊ नंबरचा अनुभव वाचताना तीच पाटी डोळ्यांसमोर आली. प्रश्न तोच आहे, चौकटीत कोण बसणार हे ठरवतो कोण?

---

लीड्सकर

इंग्लंडमधून लिहितो. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण इथे ज्यूरीसाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. मतदार यादीत नाव हवं आणि पाच वर्षं वास्तव्य. राष्ट्रकुलातले असल्यामुळे आपल्याला भारतीय पासपोर्टवरही मतदान करता येतं, म्हणून ज्यूरीवरही बोलावतात. मी भारतीय पासपोर्टवर दोन आठवडे बसलो आहे.

खोलीत काय बोलणं झालं ते मात्र मी लिहू शकत नाही, आयुष्यभर. इथे तो गुन्हा आहे. इथे कारण न देता ज्यूरर काढण्याची पद्धत १९८८ च्या कायद्यानेच बंद केली. चिठ्ठी निघाली, बसलात. नऊ नंबरच्या बाई इथे बसल्या असत्या. उलट एकमत होत नसेल तर काही तासांनी न्यायाधीश १० विरुद्ध २ स्वीकारू शकतात, १९६७ पासून. म्हणजे तुमच्या खटल्यातला मुलगा इथे दोषी ठरला असता. एक भोक बुजवलं की दुसरं उघडं, असं वाटत राहतं.

पोस्टाच्या प्रकरणाबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. होरायझन नावाच्या संगणक प्रणालीतल्या चुकांमुळे इथल्या छोट्या पोस्ट ऑफिस चालवणाऱ्यांच्या हिशेबात खोटी तूट दिसायची. १९९९ ते २०१५ मध्ये नऊशेहून जास्त जणांना चोर ठरवलं, त्यात आपल्या गुजराती-पंजाबी दुकानदारांची संख्या मोठी. काहींना ज्यूरीने दोषी ठरवलं, कित्येकांनी तुरुंग टाळायला किरकोळ गुन्हा कबूल केला. ज्यूरी वाईट नव्हती. संगणक बरोबर आहे असं कायदाच गृहीत धरत होता आणि यंत्रणेतल्या चुका ज्यूरीपर्यंत पोचूच दिल्या नाहीत. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा पुसाव्या लागल्या. तोवर काही जण गेले होते.

---

डोंगरवाट

सगळं वाचलं. मला राग येतो आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा धाकटा भाऊ दक्षिणेकडच्या एका राज्यात गॅस स्टेशन चालवायचा. रात्री साडेअकराला दोघे आले, कपाळाला बंदूक लावली, गल्ल्यातले पैसे घेतले आणि जाताना त्याच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता मारला. तीन दात गेले. त्याने दोघांना ओळखलं. ज्यूरीने सोडलं. शंका होती म्हणे. बारा माणसं घरी जाऊन जेवली, आणि माझ्या भावाने दुकान विकलं. आजही दाराची बेल वाजली की दचकतो. तुमच्या सगळ्या चर्चेत तो पार्किंगमधला माणूस कुठे आहे? त्याचं पुढे काय झालं ते कुणी शोधलं का?

---

चांदणवेल

नाही शोधलं. तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी आरोपीची नोंद पाहिली कारण ती सार्वजनिक होती. त्या माणसाची कुठली नोंद नसते. तो मला नंतर दोन-तीन दुकानांत दिसल्याचा भास झाला आहे. एकदा मी रांग सोडून बाहेर आले. माझ्या मतामुळे त्याला वाटलं असेल की बारा जणांनी त्याला खोटं ठरवलं. मी त्याला खोटं ठरवलं नव्हतं, तो खरंच बोलत होता असं मला आजही वाटतं. पण हे त्याला सांगायची जागा कुठेच नव्हती. तुमच्या भावासाठी मनापासून वाईट वाटलं.

---

रानभूल

डोंगरवाट, काळजी घ्या दोघे.

फॉर्म भरून पाठवला. धन्यवाद चांदणवेल.

---

मुकुंदा

डोंगरवाट, तुमचा राग योग्य आहे. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या, तुमच्या भावाच्या खटल्यात निदान खटला झाला. २०१२ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच आकडा दिला आहे: संघराज्याच्या न्यायालयांत ९७ टक्के आणि राज्यांत ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीच्या सौद्यांतून, म्हणजे कमी शिक्षेच्या बदल्यात गुन्हा कबूल करून, येतात. ज्यूरी हा अपवाद आहे. बाकी सगळं दोन वकिलांच्या बोलण्यात व्हरांड्यात मिटतं. तिथे आरोपीचंही कुणी ऐकत नाही आणि लुटल्या गेलेल्याचंही.

---

काळाकोट

डोंगरवाट, मी वर्षानुवर्षं बचावाच्या बाजूने उभी राहिले आहे, तरी तुमच्या भावासारखी माणसं माझ्या उलटतपासणीनंतर पिंजऱ्यातून उतरताना कशी दिसतात ते मला ठाऊक आहे. पटत असेल तरच सांगा: त्याने त्या दोघांना ओळखलं ते कसं? रांगेत उभे करून, की फोटोवरून?

---

तिठा

अवांतर, पण काळाकोट यांच्या माहितीत भर: ज्यूरीचा एक तुकडा भारतात अजून जिवंत आहे. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६. मुंबई उच्च न्यायालयात पारशी जोडप्याच्या खटल्यात समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसतात आणि वस्तुस्थितीच्या प्रश्नावर मत देतात. आधी सात असत, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच.

---

डोंगरवाट

काळाकोट, दोन दिवस लागले उत्तर द्यायला. काल रात्री भावाला फोन केला. इतक्या वर्षांत मी त्याला हे कधी विचारलं नव्हतं.

फोटो दाखवले होते. एका कागदावर सहा. तो म्हणाला, "मी तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हा असावा. समोरचा अधिकारी म्हणाला, शाबास, आम्हालाही हाच वाटत होता." त्यानंतर त्याला खात्री झाली. कोर्टात उभा राहिला तेव्हा शंभर टक्के होती. त्या आधीची 'असावा' ही गोष्ट त्याला मी विचारेपर्यंत आठवलीही नव्हती.

बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. ते दोघेच असतील, मला अजूनही वाटतं तेच होते. भावाने फोन ठेवताना सांगितलं, त्या न्यू जर्सीच्या बाईंना विचार, त्यांच्या खटल्यातल्या माणसाला कुणी असं 'शाबास' म्हटलं होतं का.

---

चांदणवेल

भावाला माझा नमस्कार सांगा.

इथे फोटो दाखवणारा अधिकारी तपासातला नसावा आणि साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे टिपावेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं २००१ पासून आहेत. आमच्या खटल्यात तो अधिकारी साक्षीला आला होता. तपास माझा नव्हता, मला संशयित कोण ते माहीत नव्हतं, असं त्याने सांगितलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. पण फोटो पाहून खोलीबाहेर आल्यावर, जिन्यात, पार्किंगमध्ये, नंतरच्या महिन्यांत त्या माणसाला कोण काय म्हणालं, हे दोन्ही वकिलांपैकी कुणी विचारलं नाही. आणि आत बसलेल्या आम्हा बारा जणांपैकी कुणाच्या मनातही ते आलं नाही. शिक्षकांच्याही नाही.

हे मी आजच मुलीला वाचून दाखवलं. उद्या सकाळी साडेआठला तिला कोर्टाच्या दारात सोडायचं आहे.